नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि जुनी डर्ट बाईक

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलं आहे. सांगणाऱ्याच्या काळात सेकंडहँड डर्ट बाईक नव्हती, नाहीतर तिचाही नंबर या यादीत लागला असता. तिच्या मूळस्थानाबद्दल विकणारा जी माहिती पुरवतो, त्यातलं एक वाक्य दुसऱ्याला ओळखही देत नाही. गाडी 'रेसची' असते, तरीही 'फार चाललेली' नसते. ती 'एका डॉक्टरांची' असते. हे डॉक्टर महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गाडीचे पहिले मालक असतात आणि एवढ्या गाड्या सांभाळून त्यांनी पेशंट केव्हा तपासले, हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. इंजिन 'कंपनीचं, उघडलेलंच नाही' असं असतं, पण हेडच्या नटांचे कोपरे पान्याने झिजून गोल झालेले दिसतात. कागद आहेत, पण गावाला आहेत. किलोमीटर किती झाले हे विचारायची सोय नाही, कारण रेसच्या गाडीला मीटर कशाला? हे सगळं ऐकून, त्यातलं काहीही खरं न मानता माणूस ती गाडी घेतो, टेम्पोत घालून घरी आणतो आणि टायमिंग लावायला बसतो. इथवर त्याचं काही चुकलेलं नसतं. माझी तक्रार पुढची आहे. ज्याने विकणाऱ्याच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही, तो मॅग्नेटवर कोरलेल्या खुणेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. ती खूणही ऐकीव माहितीच असते, फक्त लोखंडावर लिहिलेली.

आपल्याकडे डर्ट बाईक सहसा कारखान्यात जन्माला येत नाही, ती नंतर घडवली जाते. कावासाकी केएक्स किंवा यामाहा वायझेड अशा गाड्या मातीत उड्या मारायच्या तयारीनेच कारखान्यातून निघतात, पण त्या आयात करायच्या तर काही लाख मोजावे लागतात आणि एवढं करून आरटीओ त्यांना रस्त्यावर येऊ देत नाही. त्यामुळे मातीच्या शौकिनांनी हाताशी होतं ते घेतलं. हाताशी होत्या त्या १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी भागीदारीतून आलेल्या शंभर सीसीच्या गाड्या: इंड-सुझुकीची एएक्स १००, बजाजची कावासाकी केबी १०० आणि एस्कॉर्ट्सने १९८५पासून १९९६पर्यंत काढलेली यामाहा आरएक्स १००. आरएक्स ९८ सीसीची, अकरा हॉर्सपॉवरची, वजनाला शंभर किलोच्या आसपास. तिचे दिवे, साइड पॅनेल, चेनकव्हर असं सगळं काढून टाकलं आणि खाचांचे टायर बसवले की झाली डर्ट बाईक. पुढची तीस वर्षं ती पडत, आपटत, बोअर होत, पुन्हा जोडली जात राहिली. टाकी एका गाडीची, शॉकअब्सॉर्बर दुसरीचे, क्रँक नाना पेठेतून, मॅग्नेट कुर्ल्याच्या भंगारातून. म्हणजे ही एक गाडी नसून अनेक घराण्यांचं एकत्र कुटुंब आहे आणि कुटुंबातल्या कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं नाही. अशा घरात एकाने दुसऱ्याबद्दल दिलेली साक्ष किती मानायची, हा टायमिंगचा सगळा प्रश्न आहे.

टायमिंग म्हणजे ठिणगीचा मुहूर्त. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, आणि तो टोकाला पोचायच्या आधीच प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. आधी अशासाठी, की मिश्रण फटाक्यासारखं एका क्षणात फुटत नाही, ते पेटत जातं. आतला दाब शिगेला पोचायला हवा तो पिस्टन टोकावरून वळून दहा-पंधरा अंश खाली उतरल्यावर. तेव्हा तो पिस्टनला खाली ढकलतो आणि मागचं चाक माती उडवतं. हा हिशेब किती बारीक असतो बघा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले, म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिसेकंद. ठिणगी टोकाच्या २० अंश आधी पडते असं धरलं, तर हातात वेळ उरतो तो अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त. आपल्या लग्नात पत्रिकेवर १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त छापतात आणि अक्षता सव्वाला पडतात, तरी संसार सुखाचे होतात. इंजिनाच्या संसारात चार-पाच अंशांचाही उशीर किंवा घाई खपत नाही. घाटातल्या 'अति घाई संकटात नेई' या पाटीचा खरा अर्थ टू-स्ट्रोकवाल्याला कळतो: ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन अजून वर येत असतानाच आतला दाब त्याला खाली लोटू लागतो, सगळी उष्णता पिस्टनच्या डोक्यात जाते, आणि एका चढावर इंजिन जाम होतं किंवा पिस्टनला भोक पडतं. ठिणगी उशिरा पडली तर वरातीमागून घोडे. जाळ पिस्टनला ढकलायचा सोडून सायलेन्सरमध्ये शिरतो, पाइप तापून लाल होतो आणि गाडी ओढत नाही. टोकाच्या अगदी जवळ गडबड झाली तर टू-स्ट्रोक उलटं फिरायलाही कमी करत नाही. मेसरश्मिट केआर २०० नावाच्या जर्मन तीनचाकीत तर ही खोड सोय म्हणून वापरली होती: इंजिन बंद करून उलटं चालू करायचं, की चारही गिअर रिव्हर्सचे. आपल्या गाडीने हा प्रयोग सिग्नलला केला तर मागच्या रिक्षावाल्याला जर्मन इतिहास समजावून सांगता येत नाही.

आता खुणेकडे येऊ. क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कडेवर एक रेघ असते आणि केसिंगवर दुसरी. दोन्ही समोरासमोर आल्या आणि त्याच क्षणी ठिणगी पाडणारा पॉइंट उघडला, की टायमिंग लागलं असं मानतात. यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, मॅग्नेट याच इंजिनाचं आहे. दुसरी, केसिंग याच मॅग्नेटसाठी बनलेलं आहे. तिसरी, मॅग्नेट आणि क्रँक यांच्यामधली अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी शाबूत आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीत तिन्ही खरं असतं. आपल्या एकत्र कुटुंबात पहिल्या दोन गोष्टी नशिबावर असतात, आणि तिसरीबद्दल तर संशयच घ्यावा. ती चावी मॅग्नेट धरून ठेवत नाही. ते काम क्रँकच्या निमुळत्या टोकाचं आणि नटाचं. चावी फक्त मॅग्नेट नेमकं कुठे बसवायचं हे दाखवते. नट ढिला राहिला आणि इंजिनाने एकदा उलटा झटका दिला, की चावी कापली जाते, मॅग्नेट चार अंश सरकतं, तरी गाडी चालू राहते आणि खूण पूर्वीसारखीच आत्मविश्वासाने उभी असते. शिवाय जुन्या रेसवाल्यांपैकी काहींनी टायमिंग पुढे घेण्यासाठी ही चावी कानशीने घासलेली असते. त्यांनी ते मुद्दाम केलं, त्यांना ते ठाऊक होतं, आणि गाडी विकताना ते सांगायचं राहून गेलं. खूण खोटं बोलत नसेलही. पण ती कुणाच्या वतीने बोलते आहे हे माहीत नसताना तिचं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या खटल्यातला साक्षीदार आपल्या खटल्यात उभा करणं.

यावर पहिला आणि सर्वांत आदरणीय आक्षेप येतो तो कानाचा. तीस वर्षं हात काळे केलेला मिस्त्री म्हणतो, "खुणा-बिणा सोडा, मी आवाजावर लावतो." त्याच्या कानाबद्दल माझ्या मनात शंका नाही. आरएक्सचा आवाज त्याने इतक्या वेळा ऐकलेला असतो की गल्लीच्या टोकावरून कुठल्या गाडीचा बोअर गेला हे तो सांगू शकतो. अडचण अशी, की कान तुलना करतो, आणि तुलनेला ओळखीचा आवाज लागतो. ज्या इंजिनाचं हेड घासलंय की नाही, पोर्ट मोठे केलेत की नाही, सायलेन्सर कुठल्या गाडीचा आहे हेच माहीत नाही, त्याचा बरोबर आवाज मिस्त्रीने आयुष्यात कधी ऐकलेलाच नसतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे कान लाच खातो. टायमिंग थोडं पुढे घेतलं की आयडलिंग चढतं, रेस दिली की इंजिन चटकन उचलतं, आवाज खणखणीत होतो. कान खूश होतो आणि पॉइंटची प्लेट अजून थोडी पुढे सरकते. आवाजावर लावलेलं टायमिंग म्हणूनच बहुतेक वेळा घाईच्या बाजूलाच झुकतं, आणि आपण वर बघितलं की टू-स्ट्रोकमध्ये जीवघेणी बाजू तीच आहे. नॉकिंगचा खडखडाट ऐकू येईल, तेव्हा मागे घेऊ, असं कुणी म्हणेल. स्टँडवर उभ्या, बिनओझ्याच्या इंजिनात नॉकिंग फारसं होतच नाही. ते होतं पूर्ण थ्रॉटलवर, चढावर. आणि तिथे बिनजाळीच्या सायलेन्सरचा आवाज चालू असताना पिस्टनची कुरकुर ऐकू यायला मिस्त्रीला सिलिंडरच्या आत बसावं लागेल.

मग कुणाचं ऐकायचं? पिस्टनचं. सबंध गाडीत तो एकटाच असा आहे जो कुणाच्या वतीने बोलत नाही. तो क्रँकला बांधलेला आहे. वरच्या टोकाला तो जिथे थांबतो तिथे थांबतो, मग मॅग्नेट कुर्ल्याचं असो की कानपूरचं. पण त्याचं टोक शोधायलाही थोडी अक्कल लागते. बहुतेक जण प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालतात आणि तो वर यायचा थांबला की टोक आलं म्हणतात. आरएक्सचा स्ट्रोक ५० मिलिमीटरचा. टोकापासून पाच अंश अलीकडे-पलीकडे पिस्टन किती हलतो, तर एका मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा. म्हणजे स्क्रूड्रायव्हर थांबलेला दिसतो तेव्हा आपण टोकावर असू, किंवा पाच अंश आधी, किंवा पाच अंश नंतर. म्हणून शहाणे लोक टोक थेट शोधत नाहीत, त्याला दोन्ही बाजूंनी घेरतात. एक जुना प्लग घ्यायचा, त्याची पांढरी पोर्सिलीन फोडून काढायची, आत बोल्ट घट्ट बसवायचा, की झाला अडसर. तो प्लगच्या जागी आवळला की पिस्टन टोकापर्यंत जाऊच शकत नाही. क्रँकवर अंशांची चकती लावायची. चांगली नसली तर छापलेला कागद जुन्या सीडीवर चिकटवलेला चालतो. टोक आहे असं वाटतं तिथे अंदाजाने शून्य धरायचं, मग मॅग्नेट हाताने हळूच एका दिशेने फिरवायचं, पिस्टन अडला की आकडा वाचायचा. मग उलट दिशेने, पुन्हा अडला की आकडा. किक मारायची नाही, नाहीतर पिस्टनला त्या बोल्टची कायमची आठवण राहते. समजा आकडे आले एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ४२. दोहोंच्या मधोमध जे आहे ते खरं टोक, म्हणजे आपला शून्य चार अंशांनी चुकला होता. इतकं साधं गणित आहे, आणि शाळेत नापास झालेले कित्येक फिटर ते डोळे मिटून करतात.

टोक सापडलं की बाकीचं मापण्याचं काम. या इंजिनात २० अंश म्हणजे पिस्टन टोकाखाली सुमारे १.९ मिलिमीटर, आणि तिथे प्रत्येक अंशाला साधारण ०.१८ मिलिमीटरचा फरक पडतो. प्लग सरळ उभा असेल तर डायल गेज भोकात घालून हे थेट वाचता येतं. तिरका असेल तर मापही तिरकं येतं, तिथे चकतीच बरी. त्याआधी पॉइंटमधलं अंतर फीलर गेजने ठरवून घ्यावं, साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, कारण अंतर वाढलं की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. आधी प्लेट लावून मग पॉइंटला हात घालणारे लोक दोन्ही कामं दोनदा करतात. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पुरतो. तो पॉइंटच्या जबड्यात धरायचा, मॅग्नेट फिरवत हलकेच ओढत राहायचं. कागद सुटला तिथे ठिणगी पडणार. आरोग्यमंत्रालयाच्या इशाऱ्याखाली दडलेला त्या पाकिटाचा हा एकच सदुपयोग मला माहीत आहे.

इथे एक आक्षेप असा येतो की त्याला टाळून पुढे जाता येत नाही. टोक सापडलं, माप घेतलं, पण लावायचं किती? गाडीच्या जन्माचाच पत्ता नाही, तर पुस्तकातला आकडा कुठल्या पुस्तकातून घ्यायचा? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर स्टिकरवर शोधलं तर फसवणूक होते. ते आतच शोधावं लागतं. बोअर आणि स्ट्रोक मोजा. ५० गुणिले ५० आलं तर आतला माणूस आरएक्स असू शकतो, मग बाहेर टाकीवर काहीही लिहिलेलं असो. बोअर थोडा मोठा निघाला तर पिस्टनच्या डोक्यावर बहुधा ओव्हरसाइझचा आकडा ठोकलेला असतो. तेवढा एक कागद विकणाऱ्याला गावाला ठेवता आलेला नसतो. हेडची बसायची कड घासलेली दिसली तर कॉम्प्रेशन वाढवलंय असं समजून टायमिंग जरा मागेच ठेवावं. आणि पुस्तकातला आकडाही देववाणी नव्हे. तो १९८५च्या पेट्रोलसाठी लिहिलेला. आज पंपावर मिळतं त्यात इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, त्याने मिश्रण पातळ होतं आणि जेट बदलावे लागतात. म्हणून जुन्या हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकांचा जो दोन मिलिमीटरच्या आसपासचा आकडा सांगितला जातो, त्याच्या थोडं मागेच सुरू करायचं, गाडी चढावर ओझ्याने चालवायची, इंजिन तिथल्या तिथे बंद करून प्लग काढून बघायचा. पांढऱ्या पोर्सिलीनवर काळपट किंवा चकाकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत; पिस्टन प्लगमार्गे राजीनामा पाठवू लागला आहे, टायमिंग ताबडतोब मागे घ्या. टू-स्ट्रोकवाल्यांना तेल ओतायची सवयच असते, नमनालाच घडाभर तेल लागतं, पण तेल वाढवून टायमिंगची चूक भरून निघत नाही.

यावर नव्या पिढीचं म्हणणं, की पॉइंटची कटकट हवी कशाला? सीडीआयचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठिणगीचं किट बसवा, त्यात टायमिंग लावावंच लागत नाही. अर्धं खरं आहे. झिजणारा पॉइंट जातो, हे चांगलंच. पण ठिणगी कुठे पडायची हे आता पिकअप कॉइलच्या जागेवर आणि डब्याच्या आत बंद केलेल्या आलेखावर ठरतं. प्लेटला लांबट भोकं असतील तर तीही सरकते. आणि दोन वेगवेगळ्या गाड्यांचे सीडीआयचे डबे एकाच आकाराचे, एकाच कनेक्टरचे असू शकतात, तर आतला स्वभाव अगदी निराळा. पॉइंट चुकला तर कागदाने तरी पकडता येतो. चुकीचा डबा इंजिन वेगात गेल्यावरच चूक करतो, त्यामुळे तिथे टायमिंग लाइट लावून चालत्या मॅग्नेटवर बघावंच लागतं. बघायची खूणही आपण पिस्टनवरून पाडलेली हवी, नाहीतर महागड्या दिव्याच्या उजेडात जुनीच अफवा अधिक स्पष्ट दिसते. बिननावाच्या चिनी पिट बाईक घेणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांच्या आडव्या इंजिनाची कुळी बहुधा १९५८च्या होंडा सुपर कबपर्यंत जाते, म्हणजे निदान ऋषी तरी ठाऊक असतो; पण ते फोर-स्ट्रोक असल्याने पिस्टनचं वरचं टोक दाखवणारी 'टी'ची खूण प्रत्येक चक्रात दोनदा समोर येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, आणि व्हॉल्व्हचं अंतर लावताना चुकीच्या 'टी'ला नमस्कार करणारे भाविक कमी नाहीत.

उरला तो सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद: गाडी एका किकमध्ये चालू होते, मग टायमिंग बरोबरच असणार. किक मारताना इंजिन काही शे फेऱ्यांवर असतं आणि तिथे ते पुष्कळ चुका पोटात घालतं. चालू होणं हा फक्त ठिणगी पडते याचा पुरावा आहे, ती वेळेवर पडते याचा नव्हे. उलट किक जर पोटरीवर परत येऊन आदळत असेल, तर तो मात्र भक्कम पुरावा आहे, आणि तो शरीरावर काही दिवस निळा राहतो.

तेव्हा अशी गाडी घेतलीत तर जुन्या खुणेवर सँडपेपर फिरवा. पिस्टनवरून टोक काढा, मॅग्नेटवर आणि केसिंगवर नवी बारीक रेघ छिन्नीने पाडा, तिच्यावर पांढरा रंग भरा. सीटखाली एक पत्र्याची पट्टी चिकटवून तिच्यावर बोअर, स्ट्रोक, पॉइंटचं अंतर आणि टायमिंग किती मिलिमीटर ठेवलंय ते खिळ्याने कोरून ठेवा. चावी घासली असेल तर तेही लिहा. आणि गाडी पुढे विकाल तेव्हा घेणाऱ्याला डॉक्टरांबद्दल काही सांगितलं नाही तरी चालेल, सीट उचलून ती पट्टी मात्र दाखवा.